तात्यांचा दाबून ठेवलेला अर्ज

मी, खाली सही करणारी, श्रीमती जयवंता हिंदुराव खलाटे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी दृष्टी चष्म्याने साफ आहे, गुडघे सोडले तर शरीर धड आहे आणि डोकं तर नको तितकं ठिकाणावर आहे. त्याचा दाखला बारामतीच्या डॉ. संस्कृती निंबाळकर यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. मला हे लिहायला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट लिहू नको म्हणणारेच दोघे घरात आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते माझं नव्हे.

आमचे वकील श्री. रविराज वणवे यांनी मला एक पानी मसुदा करून दिला होता. त्यात जमीन, घर, दागिने एवढंच होतं. मी त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, कुणाला काय दिलं ते ह्यात हाय. का दिलं ते कुठाय?" ते म्हणाले की कारण लिहायची कायद्याने गरज नाही. कायद्याला नसेल. मला आहे. म्हणून कलमं त्यांची आणि मजकूर माझा.

कलम १. घर. लासुर्ण्याच्या गावठाणातलं चार खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढच्या पडवीसह आणि मागच्या गोठ्यासह, माझा मुलगा ऋषिराज याला द्यावं. हे घर माझ्या यजमानांनी माझ्या नावावर बांधलं, कारण त्या वेळी ते गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन होते आणि स्वतःच्या नावावर घर बांधलं असतं तर लोक बोलले असते. ऋषिराज सध्या माझ्याशी मोजकंच बोलतो. तरी घर त्याचंच. बोलणं आणि घर या वेगळ्या गोष्टी आहेत.

कलम २. मोरगावची दीड एकर जिराईत जमीन, जी मला माझ्या वडिलांकडून वाटणीत आली, ती माझी मुलगी छकुली हिला द्यावी. छकुली पिंपळीला दिलेली आहे. तिचं शाळेतलं नावही छकुलीच आहे, कारण सासूबाईंनी दुसरं नाव ठेवूच दिलं नाही. ती जमीन फार काही देत नाही. बाजरी येते, कधी ज्वारी येते, कधी नुसतीच धूळ येते. पण तिच्या बांधावर उभं राहिलं की मंदिराचा कळस दिसतो आणि तिथे मला कोणी खलाट्यांची सून म्हणत नाही. छकुलीने ती विकू नये अशी इच्छा आहे. विकलीच तर मी काय करणार.

कलम ३. दोन पाटल्या, मोहनमाळ आणि कानातली कुडी छकुलीला. माझा मराठी टाइपरायटर, जो संस्थेने काढून टाकला तेव्हा मी घेतला, तोही तिलाच. त्याचं "क्ष" अक्षर उठत नाही. दोन शेळ्या शेजारच्या रखमाबाईला द्याव्यात. तिच्याशी माझं तेरा वर्षं नळावरून भांडण आहे. शेळ्या मात्र ती माझ्यापेक्षा चांगल्या सांभाळते, आणि शेळ्यांचा नळाशी संबंध नाही. बँकेत जे काही शिल्लक निघेल त्याचे दोन्ही मुलांत सारखे भाग करावेत. त्यावर वाद घालू नये, घालण्याइतकं ते नाही.

कलम ४. आता जे देता येत नाही त्याबद्दल.

माझ्या ट्रंकेत एक कागद होता. तो सहकारी संस्थेच्या निवडणुकीतला उमेदवारी अर्ज होता. वकील म्हणाले की असला कागद ही मालमत्ता होत नाही, मृत्युपत्राने तो कोणाला देता येणार नाही. म्हणून तो मी हयातीतच जिथे द्यायचा तिथे दिला. पण तो माझ्याकडे कसा आला हे लिहिल्याशिवाय पुढची कलमं कोणाला समजणार नाहीत.

मानसिंग खलाटे, ज्यांना सारा गाव तात्या म्हणायचा, ते आमच्या भावकीतले. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे ते एकवीस वर्षं चेअरमन होते. नदीचं पाणी पाइपाने उचलून आमच्या माळाला देणारी ही संस्था त्यांनीच उभी केली. माझ्या यजमानांचे वडील तात्यांच्या विहिरीवरचं इंजिन सांभाळायचे. ते वारले तेव्हा माझे यजमान, हिंदुराव, अकरा वर्षांचे होते. तात्यांनी त्यांना घरी नेलं, शिकवलं, जमिनीचा तुकडा करून दिला आणि पुढे संस्थेच्या संचालक मंडळावरही घेतलं. तात्यांच्या मंडळी सारजाकाकी. त्यांनी हिंदुराव आणि स्वतःचा मुलगा विजयसिंह यांना एका ताटात जेवू घातलं.

माझं लग्नही तात्यांनीच जमवलं. १९७६ साली ते मोरगावला दर्शनाला आले होते. आमच्या आळीत मी वडील माणसांना पेपर वाचून दाखवत होते. मी मॅट्रिक झालेली, आळीत एकटीच. त्यांनी वडिलांना विचारलं, "पोरगी नुसती वाचती का तिला कळतंय बी?" वडील म्हणाले, तुम्हीच विचारा. तात्यांनी मला कालव्याच्या पाण्याच्या बातमीवर चार प्रश्न विचारले. चौथ्याला मी त्यांचीच चूक काढली. महिन्याभरात मी लासुर्ण्यात नांदायला आले.

हिंदुराव देखणे होते. आवाज भारदस्त, उंची चांगली. जत्रेतल्या नाटकात त्यांना दरवर्षी सेनापतीचं काम मिळायचं आणि दरवर्षी ते वाक्यं विसरायचे. मी पडद्यामागे वही घेऊन बसायचे. मी हळू बोलायचे, ते मोठ्याने बोलायचे. संस्थेतही पुढे तेच झालं. तात्यांचे अर्ज, ठराव, वार्षिक सभेतली भाषणं हिंदुराव घरी आणायचे, मी लिहायचे. तात्यांना ते माहीत होतं. वार्षिक सभा झाली की ते मला म्हणायचे, "जयवंता, टाळ्या पडल्या बरं का." मला ते आवडायचं. काही वर्षांनी आवडेनासं झालं.

मला काय हवं होतं ते इथे स्पष्ट लिहिते, कारण आजवर कुठेच लिहिलं नाही. मला ती खुर्ची हवी होती. संस्थेच्या ऑफिसातली, टर्किश टॉवेल टाकलेली. पाणी कुठल्या शिवाराला आधी सोडायचं हे तिथे बसून ठरवावं असं मला वाटायचं, आणि ते मी सगळ्यांपेक्षा चांगलं ठरवलं असतं असं आजही वाटतं. पण बाईने तिथे बसावं हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. म्हणून मी ती यजमानांसाठी मागू लागले.

१९९७ च्या दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही तात्यांकडे गेलो होतो. तिथे चार लोकांत तात्या सहज बोलून गेले, "ह्या येळंला मी हाय. पुढं इजयसिंह बघंल." हिंदुराव हसून हो म्हणाले.  घरी आल्यावर मी त्यांना म्हणाले, "तुमच्या वडलांनी तात्यांचं इंजिन सांभाळलं. तुमी तात्यांची फाईल सांभाळताय. आपल्या ऋषिराजनं काय, इजयसिंहाची गाडी पुसायची?"

"त्यांचं मीठ खाल्लंय मी," हिंदुराव म्हणाले.

"मीठ सगळ्यांनीच खाल्लंय. पंधरा संचालकांतले आठ तात्यांवर नाराज हायत, ते तुमाला ठावं हाय. त्यांना फकस्त एक नाव पायजे."

महिनाभर मी हेच बोलत राहिले. जेवताना, धारा काढताना, उसाला पाणी देताना. ते नाही म्हणायचे. शेवटी एक दिवस त्यांनीच विचारलं, "पण कसं?" तेव्हाच मला कळलं की आता ते माझ्या पुढे जातील.

चेअरमन निवडायची सभा नोव्हेंबरात होती. अर्ज अकरा ते साडेअकरा या वेळात भरायचे, मग छाननी, मग मतदान. तात्यांनी आपला अर्ज आदल्या दिवशीच सही करून हिंदुरावांकडे दिला होता. सूचक म्हणून हिंदुरावांनीच सही करून तो निवडणूक अधिकाऱ्यांच्या हातात द्यायचा होता. तशी सहीही त्यांनी तात्यांसमोर केली. तात्यांना वाटलं बिनविरोधच होणार. बेत असा होता की तात्यांना आमच्या घरी जेवायला बोलवायचं, अधिकाऱ्यांची जीप निमगाव केतकीजवळ बंद पडलीय, सभा बाराला आहे, असं सांगायचं आणि तोवर हिंदुरावांनी स्वतःचा अर्ज भरायचा. तात्यांचा खिशातच राहील, कारण तात्या समोर उभे असले की त्या आठांतले किती टिकतील याची खात्री नव्हती. जेवणाचा भाग माझा होता. जीपचं खोटं हिंदुरावांनी सुचवलं. हे मी दोघांच्या वाटण्या सारख्या व्हाव्यात म्हणून लिहिते.

तात्यांना माझ्या हातची हुलग्याची शेंगोळी आवडायची. सारजाकाकींना ती जमत नसत. मी मुद्दाम उशिरा करायला घेतली. तात्या पावणेअकराला आले, पाटावर बसले. मी गरम गरम वाढत होते. ते मोरगावच्या पावसाचं विचारत होते, माझ्या वडिलांच्या दम्याचं विचारत होते. अकरा वीसला फोन वाजला. फोन तात्यांपासून चार पावलांवर होता. संस्थेचे सचिव बोलत होते, "वहिनी, तात्या कुठं हायत? टाइम संपत आला की."

मी म्हणाले, "निघालेत मघाशीच."

फोन ठेवून वळले तर तात्या घड्याळाकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडी वाढ." मी वाढली. त्यांनी सावकाश खाल्ली. भात घेतला, ताक घेतलं, ताटात हात न धुता उठून मोरीवर गेले, टोपी घातली आणि मोटरसायकलवरून ऑफिसकडे गेले. त्यांना काही कळलेलं नाही अशी माझी समजूत झाली.

साडेबाराला ते परत आले. तोवर गावात फटाके वाजले होते. मी दारातच उभी होते, शिव्या खायच्या तयारीने. ते उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "शेंगोळी चांगली झाली व्हती." मग गेले. त्यानंतर ते आमच्या घरी आले नाहीत, आणि काकी सांगतात की दुसऱ्या कोणाच्या घरी जेवायलाही गेले नाहीत. चौदा महिन्यांनी ते वारले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी त्यावर काही लिहिणार नाही.

सभेच्या संध्याकाळी गळ्यात हारांचा ढीग घेऊन हिंदुराव घरी आले. खिशातून तो अर्ज काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "चुलीत घाल." मी हो म्हणाले आणि तो ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला. का ठेवला हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक मला माहीत होतं की या माणसाला मी जे करायला शिकवलंय ते तो एकदाच करून थांबणार नाही.

कलम ५. माझ्या कै. यजमानांबद्दल. त्यांच्या फोटोला दर अमावास्येला हार घालावा, तो ऋषिराजने घालावा.

त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर जेवायला बसेनासे झाले. स्वतःच वाढून घेऊन ओट्यावर जायचे. चेअरमनकी चालली होती, घरी माणसांची रीघ होती, दारात जीप आली होती. भाषणं मीच लिहीत होते. पण ताट माझ्या हातून घेत नव्हते. एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या हातनं ताट आलं की मला कशाला तरी उशीर हुतोय असं वाटतंय." इतकं खरं ते माझ्याशी आयुष्यात दोनदाच बोलले. दुसरी वेळ पुढे येईल.

२०१० साली त्यांना साखर कारखान्याच्या संचालकपदाचं तिकीट हवं होतं. कुठल्या कारखान्याचं ते लिहायची गरज नाही. विजयसिंहाच्या गटाशिवाय ते मिळणार नव्हतं, आणि विजयसिंह वडिलांच्या त्या दिवसावर अडून बसला होता. जानेवारीत संस्थेच्या आवारात मांडव घालून तात्यांची पुण्यतिथी होती. बारा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला बोलावणं आलं. मला वाटलं, मिटलं. मी नवं लुगडं नेसले आणि बायकांत पुढे जाऊन बसले.

हिंदुराव बोलायला उठले. ते भाषण मी लिहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, "आज तात्यांच्या फोटोसमोर सांगतो. त्या दिवशी त्यांचा अर्ज माझ्यापर्यंत पोचलाच न्हाय. माझ्याच घरात दाबला गेला. कुणी दाबला ते इचारू नका, घरातल्या बाईमाणसाचं नाव मी काढणार न्हाय. पण माझा गुन्हा एवढाच, की मी बायकोवर इस्वास ठेवला."

एकही वाक्य विसरले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा.

दोनशे बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. विजयसिंहाने पुढे होऊन त्यांना मिठी मारली. टाळ्या पडल्या. मी बसून राहिले. मला बसूनच राहावं लागलं, कारण उठून गेले असते तरी तोच अर्थ निघाला असता आणि बोलले असते तरी निम्मं खरंच होतं. त्यांची सूचक म्हणून केलेली सही असलेला अर्ज घरी शालूत होता. तो आणून दाखवला असता तर त्याच मांडवात त्यांचं तिकीट गेलं असतं. तिकीट त्यांना मिळालं. सात वर्षं ते संचालक होते. गावाने मला "अर्जवाली" म्हणायला सुरुवात केली. पोरंबाळंसुद्धा म्हणायची. मी त्या सगळ्यांना माफ केलं आहे, एक सोडून. ती कोण हे ती जाणते.

पुढची नऊ वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि सुनेमार्फत बोललो. "बाबांना सांग, खताची गाडी आलीय." "आत्यांना सांग, मला इंदापूरला जायचंय." सोनम, माझी सून, आमच्याकडच्या रीतीने मला आत्या म्हणते. बिचारी दोघांच्या मध्ये उभी राहून एकाच खोलीतलं दुसऱ्याला ऐकवायची.

२०१९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. घास भरवावा लागे. पहिल्या दिवशी मी चमचा पुढे केला तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. चार दिवस सोनमने भरवलं. मग तिला भावाच्या लग्नाला माहेरी जावं लागलं. घरात आम्ही दोघंच. मी तांदळाचं खिमट केलं, वाटी घेऊन खाटेवर बसले. ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "आता कुठं जायचंय तुमाला? उशीर व्हायचा न्हाय."

त्यांचं अर्धं तोंड हसलं. मग उघडलं. बावीस वर्षांनी ते माझ्या हातचं जेवले. वाटी संपल्यावर फार कष्टाने म्हणाले, "मीच... केलं... बी." बी म्हणजे मीही, तूही, आपण दोघांनीही. मी तोंड पुसून दिलं. ते त्यानंतर दोन वर्षं जगले. माफी त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. त्या दोन वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही.

कलम ६. कागद कोणाला दिला.

या वर्षी ऋषिराज संस्थेच्या निवडणुकीला उभा राहायचा होता, समोर विजयसिंहाचा मुलगा यशराज. ऋषिराजने चौकात बोर्ड लावला. त्यावर वडिलांचा मोठा फोटो आणि "निष्ठावंत कै. हिंदुराव यांचा वारसा" असा मजकूर. मजकूर सोनमने केला होता. भाषणं तीच लिहिते, मोबाइलवर जाणारे निरोप तीच लिहिते, कोणाकडे आधी जायचं आणि कोणाला नंतर भेटायचं हेही तीच ठरवते. ऋषिराज चांगला दिसतो आणि मोठ्याने बोलतो.

श्रावणात ट्रंक उन्हाला काढली तेव्हा अर्ज तिच्या हाती लागला. तिने तो दोनदा वाचला. तिला समजायला वेळ लागला नाही. ती माझ्याजवळ बसली आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, हे जाळून टाकू. ह्यांना सांगायचंच न्हाय."

"का गं?"

"बाबांच्या नावावर निवडणूक हाय. हे बाहेर गेलं तर सगळं जाईल. एवढ्या दिवसांत जाळलं न्हाईत ते तुमी, आता मी जाळते."

ती ओरडली नाही, घाबरली नाही. हिशेब करून बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चाळीस वर्षांची बाई, नवऱ्यासाठी सगळं पुसून टाकायला तयार. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदराखाली धरून तात्यांच्या घरी गेले. अठ्ठावीस वर्षांनी.

सारजाकाकी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. वाचता येत नाही, पण तात्यांची सही त्यांनी ओळखली. बोट ठेवून म्हणाल्या, "आन् ही?"

"आमच्या ह्यांची. सूचक म्हणून. अर्ज त्यांच्याकडं पोचला व्हता, काकी. पुण्यतिथीला ते खोटं बोलले. पण बेत माझा व्हता. फोनवर मी सांगितलं, तात्या निघालेत म्हणून."

"ते ठावं हाय मला," काकी म्हणाल्या. "फोन झाला तवाच त्यांना कळलं व्हतं. मी इचारलं त्यांना, मोटरसायकल दारात व्हती, धा मिनिटं हातात व्हती, मग उठला का न्हाईत? तर म्हणाले, अर्ज हिंदुरावाच्या खिशात. तितं जाऊन सगळ्यांदेखत पोराच्या खिशात हात घालू का? त्याला चेअरमनकी पायजे व्हती तर मागायला तोंड व्हतं की त्याला."

 मी भिंतीला टेकून उभी राहिले. काकींनी विचारलं, "आन् तुला काय पायजे व्हतं गं, जयवंता?"

हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "खुर्ची."

"हिंदुरावाला?"

"न्हाय. मला."

 काकी म्हणाल्या, "मग तसं सांगायचं व्हतंस. ते हसले असते. पण हसून झाल्यावर इचार केला असता." त्यांनी कागद घडी करून आपल्याजवळ ठेवून घेतला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही तसं समजून हे लिहीत नाही.

दोन दिवसांनी यशराज आमच्या घरी आला. अर्ज ऋषिराजसमोर ठेवून म्हणाला, "दादा, मी हे गावात दाखवणार न्हाय. आज्जीनं बजावलंय. पण बोर्डावरचा निष्ठावंत शब्द तेवढा काढा." ऋषिराजने तो कागद वाचला, मग माझ्याकडे बघितलं. तो तसाच चौकात गेला आणि अख्खा बोर्डच उतरवून घेऊन आला. निवडणुकीतून नाव काढून घेतलं. नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी गोठ्यात येऊन म्हणाला, "बाबांनी सगळं तुझ्यावर ढकललं तवा तू का बोलली न्हाईस?"

मी म्हणाले, "बोलले असते तर तुझा बाप खोटा ठरला असता. पण मी काय खरी ठरणार व्हते?"

तो म्हणाला, "मला वाटायचं, सगळा दोष तुझाच." आणि वैरणीची पाटी उचलून गेला. त्याने मला अजून मोकळं केलेलं नाही. त्याचा वेळ त्याने घ्यावा.

कलम ७. लासुर्ण्यातली बागायती दोन एकर. ही यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर केलेली, संस्थेच्या पाण्याखालची, विहिरीत हिस्सा असलेली, या घराची सगळ्यात चांगली जमीन आहे. ऋषिराजला ती आपल्याला मिळेल असं वाटत आलं आहे. ती मी माझी सून सौ. सोनम ऋषिराज खलाटे हिला एकटीला देते. त्यातली एक एकर मी याच महिन्यात इंदापूरला जाऊन नोंदणीकृत बक्षीसपत्राने तिच्या नावावर केली आहे, आणि उरलेली या मृत्युपत्राने तिला मिळावी. मुलाला वगळून सुनेला का, असं वकिलांनीही विचारलं आणि छकुलीनेही विचारलं.

कारण असं. संस्थेचं सभासद व्हायला पाण्याखालची जमीन स्वतःच्या नावावर लागते. सोनमच्या नावावर आजवर एक गुंठाही नव्हता. म्हणून ती नवऱ्याच्या नावाने बोर्ड रंगवते, नवऱ्याच्या तोंडाने बोलते आणि नवऱ्यासाठी कागद जाळायला निघते. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. बोर्ड उतरला त्या संध्याकाळी ती चुलीपाशी बसून होती. मला वाटलं ती माझ्यावर चिडली असेल. चिडली होतीच. पण म्हणाली, "आत्या, तीन महिने मी राबले. आता मी काय करायचं?" ऋषिराजने काय करायचं असं तिने विचारलं नाही.

बक्षीसपत्राची नोंद झाल्यावर ती सभासदत्वाचा फॉर्म घेऊन आली. पाच वर्षांनी निवडणूक आहे. तिने उभं राहावं अशी माझी अट नाही, जमिनीला अट घालू नये असं वकील सांगतात. उभी राहिली तर यशराजच्या घरी आधी जाऊन सांगावं, सगळ्यांसमोर सांगावं, आणि लोक हसले तर हसू द्यावं. हरली तर घरी येऊन जेवावं. ऋषिराजने तिचा सूचक व्हावं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी सोनमचीच नेमणूक करते. ज्या बाईने माझा कागद जाळायला मागितला तिच्याच हाती हे सगळे कागद सोपवते आहे, हे मला समजतं. मी काल हे तिला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिने फक्त एक दुरुस्ती सुचवली. मी कलम सातमध्ये तिचं नाव "सौ. सोनम ऋषिराज खलाटे" असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "आत्या, अर्ज भरताना सौ. लावत न्हाईत. नुसतं नाव लिहितात." मी ते खोडायला गेले, पण वकील म्हणाले की खाडाखोड झाली तर प्रत्येक ठिकाणी सही लागेल. तेव्हा तिथलं तसंच राहू दिलं. इथे मात्र बरोबर लिहिते: सोनम खलाटे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, तो बरोबर आहे. माझ्या मागे यावरून घरात भांडण झालं तर ते दिवसा करावं आणि सगळ्यांनी एकत्र बसून करावं.

ठिकाण: इंदापूर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

सही: जयवंता हिंदुराव खलाटे

आम्ही खाली सह्या करणारे, श्रीमती जयवंता यांनी आमच्या समक्ष, शुद्धीत व राजीखुशीने वरील सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही दोघांनीही सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही, त्यांनी वाचू दिला नाही.

साक्षीदार १: सौरभ बाळासाहेब गावडे, राहणार लासुर्णे. सही.

साक्षीदार २: डॉ. संस्कृती निंबाळकर, राहणार बारामती. सही.